मूठ सुटेपर्यंत

आमच्या लांबपल्ला मंडळाचा एक नियम आहे. घार आकाशात असताना एकमेकांना नावाने आणि एकेरीत हाक मारायची. ताई, दादा, सर, मॅडम काही नाही, कारण वायरलेसवर नुसतं 'अहो' म्हटलं तर सगळ्या चौक्यांवरून 'हो' येतं. या नियमामुळे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी आमच्या ह्यांना 'दिगंबर' म्हणायची मुभा मिळाली. खरं सांगू का, मला उडवण्यापेक्षा त्याचीच जास्त गंमत वाटायची. घरी 'अहो, चहा गार होतोय', आणि घार वर गेली की 'दिगंबर, उंची सांग.' तेही निमूटपणे 'सांगतो, हेमलता' म्हणायचे.

मी कऱ्हाडला दातांची डॉक्टर आहे. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, नाहीतर सोसायटीच्या निवडणुकीला उभी राहतात. ह्यांनी घार बांधायला घेतली. जेवणाच्या टेबलावर पंख, बाल्कनीत शेपूट, आणि घरभर डिंकाचा वास. चिडचिड करून करून मी दमले आणि शेवटी स्वतःच परवाना काढला. म्हटलं, नवरा घरात सापडत नाही, निदान आकाशात तरी भेटेल.

घार म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण लग्नाच्या मांडवावर घोंघावतं तेच ड्रोन, असं माझ्या पेशंटना अजून वाटतं. घार घोंघावत नाही. तिचे पंख दोन हात पसरलेल्या माणसाहून बरेच लांब, आणि वजन दहा किलो तांदळाच्या पिशवीएवढं. पंखाच्या वरच्या बाजूला ऊन पिणारा पातळ पापुद्रा असतो. बॅटरीची वेगळी पेटी नसते, पंखाची बरगडीच वीज साठवते. त्यामुळे ओझं वाचतं. बाकीचं काम हवा करते. तापलेल्या कातळावरून गरम हवा वर चढत असते. कुठला पंख तिने किंचित उचलला हे घारीला कळतं आणि ती त्या बाजूला वळून गोल गोल वर जाते. खऱ्या घारीही दुसरं काय करतात? पुढचा पंखा फक्त अडीअडचणीला. अशी यानं आली आणि हौशी लोकांची मजल गावाच्या वेशीवरून एकदम दोन-दोन जिल्ह्यांपर्यंत गेली.

मजल वाढली तशी भीतीही वाढली. कुठल्याशा विमानतळावर उतरणाऱ्या विमानाच्या वाटेत असंच एक भरकटलेलं हौशी यान आलं, आणि कायदा झाला: डोळ्यांआड जाणारं यान कायम कुणाच्या तरी हातात पाहिजे. हातात म्हणजे अगदी हातात. चौकीतल्या टेबलावर खुरप्याच्या दांड्याएवढी एक मूठ बसवलेली असते. ती तळहातातल्या शिरा ओळखते आणि नाडी बघते. उडवणारा परवान्याचा आहे, जिवंत आहे, जागा आहे, याची तिला सतत खात्री लागते. हात निघाला की मूठ दहा सेकंद वाट बघते. मग तिकडे वर घार पंख मिटते आणि धोंड्यासारखी सरळ खाली येते. भरकटलेल्या यानापेक्षा पडलेलं यान बरं, असा त्यामागचा विचार. हवाई छत्री लावून सोडलं तर वारा त्याला कुठे नेईल याचा भरवसा नसतो. सरळ पडणारं कुठे पडेल ते आधी सांगता येतं. माळरानावर हा विचार अगदी बरोबर आहे. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुतेक माळरानच असावं.

एका चौकीची रेंज संपत आली की यान पुढच्या चौकीच्या हातात द्यायचं. घेणारा विचारतो, "यान ठीक आहे?" देणारा खरं काय ते सांगतो. मग घेणारा आपली मूठ धरून "घेतलं" म्हणतो आणि देणारा हात सोडतो. हे सगळं रेकॉर्ड होतं. त्यानंतर यान पडलं, कुणाला लागलं, तर गुन्हा घेणाऱ्यावर. दोष लपवून दिलं असं निघालं, तर मात्र देणाऱ्यावर.

त्या दिवशी घार कऱ्हाडहून समुद्रापर्यंत जाणार होती. तोवर कुठल्याच मंडळाची गेली नव्हती. कऱ्हाडला हे, घाटमाथ्यावरच्या चौकीत मी, आणि घाटाखाली तळवलीत रेहाना मुकादम. मी सकाळीच गाडी काढून वर जाऊन बसले होते. ऊन चढल्यावर ह्यांचा आवाज आला, "देतोय, हेमलता."

"यान ठीक आहे, दिगंबर?"

"एकदम ठीक."

"घेतलं," मी म्हटलं.

दिवसभर माझ्या खुर्चीत माणसं तोंड वासून खोटं बोलतात. तंबाखू? छे छे. ब्रश? दोन्ही वेळा, डॉक्टर. त्यांचे दात बघायच्या आधीच मला आवाजावरून कळतं. ह्यांचा आवाज मी तपासला नाही. नवऱ्याचा आवाज कोण तपासत बसतं?

घाट ओलांडेपर्यंत सगळं सुरळीत होतं. कोकणात उतरल्यावर समुद्राच्या दिशेने वळवायला मी मूठ उजवीकडे कलवली, तर घार डावीकडे वळली. पुन्हा कलवली. पुन्हा डावीकडेच. पंखाच्या टोकाला वळण्यासाठी एक हलणारी पट्टी असते, तिला आम्ही कान म्हणतो. उजवा कान खाली अडकून बसला होता. तो तसा अडकला की घारीचा उजवा पंख उचललेला राहतो आणि ती घाण्याच्या बैलासारखी एकाच बाजूला फिरत राहते. मी दुसऱ्या हाताने ह्यांना फोन लावला.

"अहो, उजवा कान अडकलाय."

"पुन्हा?" हे म्हणाले.

"पुन्हा म्हणजे?"

"अगं, सकाळी अडकला होता एक-दोनदा. हिसका दिला की सुटत होता. तू दे ना हिसका."

"दिले. सुटत नाही. तुम्ही मला 'एकदम ठीक' म्हणालात."

"तेव्हा सुटला होता ना! खोटं नाही बोललो मी, हेमा. मला वाटलं, उन्हात वर गेला की मोकळा होईल." आणि मग अगदी हळू आवाजात, "समुद्र एवढा जवळ आला होता गं."

मला रडू यावं की संताप, ते कळेना. संतापच आला. पण संताप करायला दोन्ही हात मोकळे लागतात, माझा एक मुठीत होता.

पडद्यावर घारीचा डोळा खालचं दाखवत होता. तळवली. तीन बाजूंनी डोंगर, चौथीकडे खाडीचं तोंड. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि घाटाच्या भिंतीवर येऊन आपटतो. त्या वाऱ्यात घारीचं वर्तुळ पूर्वेला सरकत होतं. पूर्वेला बाजारपेठ, आणि तिच्या पलीकडे मुंबईच्या गाड्यांनी तुंबलेला हायवे. वर्तुळात घार पश्चिमेला तोंड करून आली की मी पंखा लावायचे, पूर्वेला वळली की बंद करायचे. अशी ती गावावरच कशीबशी रोखून धरता येत होती. पुढे नेता येत नव्हती, मागे आणता येत नव्हती. मागे घाट, आणि तो चढण्याएवढी उंची तिच्याकडे उरली नव्हती.

आणि दिवस शिमग्याचा. गावची पालखी नाचून दमून सहाणेवर येऊन बसली होती. सहाण म्हणजे पालखी ठेवायची जागा. तळवलीत ती मोठ्या मैदानाच्या मधोमध आहे. बाकी सगळीकडे घरं, कौलं, माड. मोकळी जागा म्हणायची तर ते मैदान, आणि त्यावर त्या दिवशी सगळं गाव, माहेरवाशिणी, चाकरमानी, पोरंबाळं. पडद्यावर मला नुसती डोकी दिसत होती.

"रेहानाला देऊन टाक," हे फोनवर म्हणाले. "तिची चौकी खालीच आहे, तिचा सिग्नल जोरात लागेल. तिच्या हिसक्याने सुटेलही."

"आणि तिने विचारलं, यान ठीक आहे का?"

"उडतंय ना अजून? मग ठीक आहे म्हण." मग गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला. "मी निघालोय. येतो वर."

मी फोन ठेवला. माझ्या हाताला रग लागली होती. बोटं बदलावीत म्हटलं तर तळहात मुठीवरून उचलायचा नव्हता; घामेजलेला हात ती दहा सेकंदांत पुन्हा ओळखेल याचा भरवसा नव्हता. पाण्याची बाटली दाराशी राहिली होती. कुठून तरी एक मुंगळा मनगटावर चढला आणि त्याने निवांतपणे जागा बघून चावा घेतला. मी डाव्या हाताने त्याला उडवला. लघवीला जायचं होतं ते वेगळंच. एवढ्याशा खोलीत, एका दांड्याला बांधलेली बाई, आणि तिने हात काढला तर डोंगराखाली कुणाचं तरी डोकं फुटणार. आयुष्यात इतकी अडकलेली मी कधीच नव्हते.

वायरलेस खरखरला. "हेमलता, दिसतेय हां मला तुझी घार. कवापासनं गोल फिरवतेस? देतेस की नाय?"

रेहाना मुकादमला मी प्रत्यक्षात कधी पाहिलेलं नाही. तळवलीच्या बाजारात तिचं औषधांचं दुकान आहे आणि गच्चीवर चौकी. मंडळात आल्यापासून आम्ही फक्त आवाजाने भेटतो. तिच्या आईची अक्कलदाढ दुखायला लागली तेव्हा तिने मला वायरलेसवरच विचारलं होतं, आणि वायरलेसवर फक्त उडवण्याचंच बोलायचं हा मंडळाचा नियम मोडून आम्ही दोघी दाढेवर बोलत बसलो होतो. ती मला विचारणार, मी 'ठीक आहे' म्हणणार, आणि ती क्षणाचाही विचार न करता 'घेतलं' म्हणणार. मी म्हटलं होतं तसंच.

"थांब जरा," मी म्हटलं. "वारा बघते."

"बग, बग. सावकाश दे. ढोल ऐकू येतायत काय तुला?"

मला ढोल नाही, माझीच नाडी ऐकू येत होती. तिला खरं सांगावं तर रेकॉर्डवर पहिला प्रश्न येणार, दोष कुठून आला. त्याचं उत्तर एकच होतं आणि ते गाडी हाणत घाट चढत होतं. नाही सांगावं तर एक भाबडी बाई माझ्या जागी येऊन अडकणार, तेही स्वतःच्या गावावर यान धरून. आणि कुणालाच काही न सांगता नुसती धरून बसले तर ऊन उतरल्यावर पंखांतली वीज आटणार, मग घार आपणहून खाली येणार. मी नवऱ्याला मनातल्या मनात किती शिव्या घातल्या ते लिहीत नाही, मुलं वाचतील.

हे आले तेव्हा उन्हं कलली होती. धापा टाकत आत आले, पडदा बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्या तोंडाला पाण्याची बाटली लावली. मी प्यायले. मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

"माझ्याकडे दे," ते म्हणाले. "इथली दुसरी मूठ लावतो. मी विचारतो, तू फक्त 'ठीक आहे' म्हण. मी घेतो. मग पडलं तर माझ्या हातून पडलं. खटला माझ्यावर, जेल मला. तुझा काही संबंध नाही."

मी त्यांच्याकडे बघितलं. मनापासून म्हणत होते. नुसता पळपुटा असता तर मला सोपं गेलं असतं. हा माणूस माझ्यासाठी तुरुंगात जायला तयार होता, फक्त खरं बोलायला तयार नव्हता.

"आणि खालच्या लोकांना कोण सांगणार?" मी विचारलं.

"सांगितलं तर पळापळ होईल. चेंगराचेंगरी होईल. मंडळ बंद पडेल. मी काढतो गं तिला बाहेर. माझा हात बसलाय तिच्यावर. दे."

हात सोडायचा मोह किती होता ते मलाच ठाऊक. खांद्यापासून बोटांपर्यंत सगळं दगड झालं होतं. नुसतं दोन शब्द बोलायचे, ठीक आहे, आणि उठून बाहेर जाऊन गवतावर पडायचं.

ह्यांनी दुसरी मूठ धरली. रेकॉर्डचा लाल दिवा लागला. त्यांनी घसा साफ केला. "हेमलता, यान ठीक आहे?"

वायरलेस सगळ्या चौक्यांना ऐकू जातो. रेहानाही ऐकत होती.

"नाही," मी म्हटलं. "यान ठीक नाही. उजवा कान अडकलाय. माझ्याकडे आलं तेव्हाच दोष होता, आणि देणाऱ्याला माहीत होता. देणारा दिगंबर बर्गे. रेहाना, ऐकतेस का? घार तुमच्या गावावर अडकलीय. मला ती हलवता येत नाही. ऊन आहे तोवर वर राहील. मला ती पाडावी लागणार आहे, आणि पाडायला रिकामी जागा हवी."

ह्यांनी मूठ सोडली आणि हात मांडीवर ठेवले. एकदाच म्हणाले, "हेमा." बस्स.

रेहाना आता मला शिव्या देईल असं मी धरूनच बसले होते. ती म्हणाली, "सहाणेचं मैदान मोकळं झालं तर?"

"तिथे पाडते. पण एवढी माणसं कशी हलवणार?"

"भोंग्यावर ओरडले तर सगळे वर बगत उभे राहतील. माणसं नाय हलवायची, पालखी हलवायची. पालखी जाते तिकडं गाव जातं. थांब तू. धर घट्ट."

मी धरलं. ह्यांनी उठून माझ्या कोपराखाली उशी सरकवली. आम्ही दोघंही पडद्याकडे बघत होतो आणि एकमेकांकडे बघत नव्हतो.

नंतर रेहानाने सगळं सांगितलं. सहाणेवर बसलेली पालखी ओटी भरून झाल्याशिवाय उठत नाही, तसा रिवाज आहे, आणि बायकांची रांग अजून मैदानभर होती. मुकादमांच्या घराकडे पालखीच्या दिवट्यांना तेल द्यायचा मान आहे, पिढ्यान्‌पिढ्या. त्या नात्याने ती वायरलेस हातात घेऊन थेट मानकऱ्यांपाशी गेली. वर बोट दाखवून तिने सांगितलं, ते देवीवर पडणार आहे. "लोकांवर पडेल म्हटलं असतं तर तासभर चर्चा केली असती मेल्यांनी," ती म्हणाली. "देवीवर पडेल म्हटल्यावर लगेच खांदे लागले."

पडद्यावर मला दिसलं ते एवढंच: डोक्यांच्या मधला चांदीचा ठिपका उचलला गेला आणि देवळाच्या चढाकडे निघाला. मग त्याच्या मागे सगळं मैदान वाहायला लागलं. कुणी धावत नव्हतं, कुणी कुणाला तुडवत नव्हतं. ढोलाच्या मागून माणसं चालली होती, पोरं खांद्यावर घेऊन. घारीची वीज संपत आल्याची खूण लागली होती. मी पंखा आणखी काटकसरीने लावायला लागले. मैदानाच्या कडेला एक बर्फगोळ्याची गाडी उभीच होती आणि तिचा मालक जागचा हलत नव्हता. मी ओरडले, "रेहाना, तो गोळेवाला!" दोघांनी त्याला दंडाला धरून आणि तिसऱ्याने गाडी ढकलून नेलेलं मला दिसलं.

"मैदान मोकळं," रेहाना म्हणाली. तिला धाप लागली होती. "सोड."

वर्तुळ मैदानावर कधी येतं, वारा किती ढकलतो, हे मी केव्हापासून मोजत बसले होते. घार मैदानावर यायच्या दहा सेकंद आधी हात काढायचा होता. वेळ आली, मी हात काढायला गेले, आणि बोटं उघडेनात. माझीच बोटं माझं ऐकेनात. मी किंचाळले. ह्यांनी माझा हात आपल्या हातात घेतला आणि एकेक बोट सोडवलं, पहिलं, दुसरं, तिसरं, लहान मुलीच्या मुठीतलं चॉकलेट काढून घ्यावं तसं. तळहात सुटला. घार अर्ध्या वर्तुळात होती. दहा सेकंद सरले, तिने पंख मिटले, पडदा गरगरला, माती दिसली, आणि अंधार झाला.

"सहाणेच्या मांडवाचा खांब मोडला," रेहानाचा आवाज आला. "माणूस एक पण नाय." मग ती रडायला लागली. मीही लागले.

चौकशी झाली. ह्यांचा परवाना कायमचा गेला, खटला उभा आहे. मंडळ बंद पडलं नाही, पण आमच्या घारीचे तुकडे पोलिसांकडे आहेत. रेकॉर्डवरचा माझा आवाज त्यांनी ह्यांना माझ्यासमोर ऐकवला. हे म्हणाले, "बरोबर आहे तिचं." बाहेर आल्यावर मला रिक्षात बसवून देताना म्हणाले, "तू केलंस ते बरोबरच केलंस, हेमा." एक अक्षर चिडून बोलले नाहीत, अजून नाहीत. चिडले असते तर मी भांडले असते, आणि भांडून झाल्यावर आमचं नेहमी बरं होतं.

जेवणाचं टेबल आता मोकळं असतं. हे सकाळी फिरायला जातात, भाजी आणतात, माझ्या डब्यात फळ घालतात. इतके चांगले वागतात की मला गुदमरायला होतं.

मध्यंतरी आम्ही भाचीच्या लग्नाला निघालो. मी गाडीत बसले होते. हे दाराला कुलूप लावून आले. मी सहज विचारलं, "गॅस बंद केलात ना?"

"केला."

मी पट्टा काढला, खाली उतरले, कुलूप उघडून आत गेले. गॅस बंद होता. मी तरी शेगडीची दोन्ही बटणं फिरवून बघितली. बाहेर आले तेव्हा हे गाडीपाशी उभे होते आणि त्यांनी मला बघितलं होतं.

त्यानंतर कुठेही निघताना मला विचारावं लागत नाही. सगळं आवरून झालं की तेच येतात, घराची किल्ली माझ्या हातावर ठेवतात आणि फाटकापाशी जाऊन पाठमोरे उभे राहतात. गॅस बंदच असतो. दर वेळी बंदच असतो. मी तरी आत जाते.